गुणाजी हेडवाल्याची कानस

डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत गुणाजीचं आडनाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे त्याला हेडवाला म्हणत. मोटारीच्या इंजिनाचा जो वरचा भाग, ज्यातून हवा-पेट्रोल आत जातं आणि धूर बाहेर पडतो, त्याला गॅरेजात हेड म्हणतात. ते उतरवायचं, आतल्या वाटा कानशीने घासून मोकळ्या करायच्या, म्हणजे इंजिन जास्त हवा घेतं आणि तीच गाडी जास्त जोर दाखवते. हे गुणाजीचं काम. अख्ख्या मुंबईत ते त्याच्याइतकं कुणाला जमत नाही असं दोघांचं ठाम मत होतं. एक गॅरेजचा मालक बेसिल, आणि दुसरा खुद्द गुणाजी.

बेसिल माझगावचा ख्रिस्ती. माणूस दिलदार, पण डोक्यात एकच खूळ. वर्षातून एकदा जुहूच्या विमानतळावर मोटारींची शर्यत लागे, तिथे तो आपली जुनी इंग्रजी गाडी घेऊन जायचा आणि नेमाने हरून यायचा. बड्यांच्या गाड्यांना हवा दाबून भरणारी महागडी यंत्रं असत. बेसिलच्या गाडीने आपल्या छातीने ओढून घ्यावी तेवढीच हवा. ती छाती मोठी करायला त्याने गिरणीतून भांडून बाहेर पडलेल्या या फिटरला हाताशी धरलं होतं.

गुणाजीची पद्धत त्याची त्यानेच काढलेली. त्याची बायको कौसल्या गिरणीत कापसाचा कचरा निवडायच्या खात्यात होती. संध्याकाळी घरी यायची ती पांढरी होऊनच. केसांत, भुवयांत, कानांत कापसाचे तंतू. गुणाजी दारात बसून ते एकेक करून काढायचा आणि तंबाखूच्या डबीत ठेवायचा. चारचौघांत नवऱ्याने बायकोच्या केसांत हात घालणं चाळीत बरं दिसत नसे, पण हे निमित्त चालून जाई. दुसऱ्या दिवशी गॅरेजात तो त्यातला एक तंतू हेडच्या भोकात धरायचा आणि दुसऱ्या बाजूने भात्याने वारा घालायचा. तंतू सरळ उडाला तर वाट चांगली. जिथे तो गिरकी घेई तिथे खडूची खूण करायची आणि तेवढंच घासायचं. बिनचूक काम. सांगितलं तर कुणाचा विश्वास बसत नसे, आणि न बसला की गुणाजी चिडायचा.

"त्या लोखंडाची छाती मोकळी करताय, माझी पण करा की जरा," कौसल्या हसत म्हणायची, आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ यायची.

सोमवारी तिला जास्त व्हायचं. रविवारी गिरणी बंद, तेवढा एक दिवस बरा जायचा. सोमवारी खात्यात पाऊल टाकलं की छातीवर कुणी पाय देऊन उभं राहिल्यासारखं वाटायचं. त्या खात्यातल्या सगळ्याच बायका अशा खोकत, त्यामुळे याला कुणी आजार म्हणतच नसे. गुणाजीही म्हणत नसे. इंजिनाला हवा कमी पडली तर ज्याला रस्त्याच्या पलीकडून ऐकू येई, त्याला शेजारी निजलेल्या बायकोचा घरघरणारा श्वास ऐकू येत नव्हता. याचा मला आजही राग येतो.

पंचावन्न सालच्या शर्यतीत बेसिल पुन्हा हरला. तेवढ्यावर भागलं असतं. पण जिंकलेल्या गाडीचा मेकॅनिक गुणाजीला सर्वांदेखत म्हणाला, "गिरणीवाल्या, जा, मागाला तेल घाल." गुणाजीच्या ते जिव्हारी लागलं.

घासायच्या बाबतीत त्याचा एक नियम होता. नखभर राखून घासायचं. वाट फार रुंद केली की गाडी वेगात असताना तुफान पळते, पण हळू चालवली की त्या रुंद वाटेत हवेला जोर राहत नाही. पेट्रोल हवेबरोबर उडायचं सोडून भिंतीवरून ओघळतं, ठिणगी पाडणारे प्लग भिजतात आणि इंजिन गुदमरून बंद पडतं. हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी त्या डिसेंबरात त्याने नियम मोडला. आठ दिवस घासून त्याने हेड पार आरपार मोकळं केलं, आतून आरशासारखं लखलखीत. हवेत पेट्रोल मिसळणारा कार्बुरेटरही बेसिलने वर मोठा चढवला.

"ही रस्त्यात हळू चालायची नाय, शेट," गुणाजी म्हणाला.

"हळू कोणाला जायचंय, मॅन?" बेसिल म्हणाला, आणि दोघेही हसले.

जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी रेडिओवर आली आणि गिरणगाव पेटलं. गिरण्या बंद, ट्राम बंद. रस्त्यांवर दगडांचे ढीग, उपटलेले खांब, उलटलेल्या कचऱ्याच्या पेट्या. पोलिसांच्या गोळ्यांनी माणसं पडत होती. चाळीतल्या लोकांनी करी रोडच्या पुलापर्यंत जागोजागी दगड रचले होते, पोलिसांच्या गाड्या आत येऊ नयेत म्हणून. गुणाजीनेही चार दगड वाहिले होते.

चौथ्या दिवशी दुपारी कौसल्याचा श्वास अडकला. नेहमीची उबळ नव्हती ती. ओठ निळे पडले, डोळे मोठे झाले, दोन्ही हातांनी ती खाटेची कड धरून बसली. शेजारच्या सुंदराबाईने पाठ चोळली, शेक दिला. कशाचा उपयोग होईना. परळच्या केईएम हॉस्पिटलात न्यायला हवं हे उघड होतं. अँब्युलन्स या बाजूला येत नव्हती.

समोरच्या खोलीतला दगडू हातगाडी ओढायचा. तो म्हणाला, "हातगाडीवर घालू वैनीला. पोरं दगड बाजूला करतील, आपण पळत नेऊ. अर्ध्या तासात पोचतो."

"अर्धा तास?" गुणाजी त्याच्या अंगावर खेकसला. "बेसिलशेटची गाडी आहे. दहा मिन्टात नेतो."

गॅरेज हाकेच्या अंतरावर. बेसिलने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, पण अशा वेळी कुणाला नाही कसं म्हणायचं? बांबूला पांढरं फडकं बांधून त्याने गाडी चाळीच्या दारात आणली. कौसल्याला मागे सुंदराबाईच्या मांडीवर टेकवलं. गुणाजी पुढे बसला.

गाडी वीस पावलं गेली आणि पहिला दगडांचा ढीग आला. माणसांनी वाट करून दिली. गाडी सरपटत पुढे गेली आणि खोकली. बेसिलने ॲक्सिलरेटर दाबला, इंजिन गरजलं, पण समोर पुन्हा दगड. पुन्हा हळू. करी रोडच्या पुलाच्या चढाला लागली तेव्हा तिने दोनदा आचका दिला आणि बंद पडली. लोकांनी ढकलली, सुरू झाली. चार हात गेली, परत बंद. बेसिल उतरून प्लग काढू लागला. पेट्रोलने चिंब. गुणाजीने ते आपल्या सदऱ्याला पुसले. मागून कौसल्याचा आवाज येत होता. हवा आत ओढण्याचा, नुसता ओढण्याचा. त्या दुपारी त्याला तो पहिल्यांदा ऐकू आला.

प्लग बसवताना त्याची नजर खाली गेली. पुलाच्या पायथ्याशी दगडू हातगाडी घेऊन पळत येत होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. गुणाजीने झिडकारलं तरी तो मागोमाग निघाला होता, आणि बघता बघता त्याने गाडी गाठली. त्याने कौसल्याला उचललं, हातगाडीवर ठेवलं आणि धावत सुटला. गुणाजी तिचा हात धरून बाजूने पळत होता. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. तेच त्याला पुढे सोसवलं नाही.

केईएमच्या फाटकाच्या अलीकडे हातातला हात ढिला पडला.

आधीच हातगाडीवरनं निघालो असतो तर वाचली असती का, हे त्याने डॉक्टरला विचारलं नाही. हो म्हणाले असते तर काय, आणि नाही म्हणाले असते तरी काय. तिसऱ्या दिवशी बेसिल चाळीत आला, दारातच बसला आणि रडला. त्या वर्षी तो शर्यतीला गेला नाही, पुढेही कधी गेला नाही. ते हेड त्याने भंगारात काढलं. घासून गेलेलं लोखंड परत भरता येत नाही, नाहीतर गुणाजीने जन्मभर तेच केलं असतं. तो रडला मात्र नाही. चाळीतल्या बायकांनी यावरूनही त्याला नावं ठेवली.

त्याच वर्षाअखेर चाळीने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. गुणाजीच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर लागली. तिच्या शेजारी कौसल्याचा फोटो नव्हता, कारण तिने कधी काढलाच नव्हता. तिच्या अंगावरचं काही उरलं म्हणाल तर तंबाखूच्या डबीतले पाच-सहा तंतू. ते त्याने पुढे चार वर्षं कामाला काढले नाहीत. टॅक्स्या आणि लॉऱ्या तेवढ्या तो दुरुस्त करायचा, आणि हेड कुणी घासायला सांगितलं की नाही म्हणायचा.

साठ साली महाराष्ट्र झाला. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी मिरवणूक ठरली. चाळीने एक जुनी लॉरी भाड्याने आणली, तिला झेंडूच्या माळा, पताका बांधायच्या होत्या. ती माणसांच्या चालीने करी रोडचा पूल चढून लालबागला जाणार होती. चार दिवस आधी गुणाजी गॅरेजात आला आणि कुणी न सांगता त्याने लॉरीचं हेड उतरवलं. डबी उघडली. एक तंतू भोकात धरला, भाता मारला. खडूने खुणा केल्या आणि घासलं, नखभर राखून. बेसिल लांबून बघत होता.

मिरवणुकीच्या सकाळी गुणाजी दगडूला म्हणाला, "हातगाडी घेऊन ये मागनं."

"कशाला रे? आज काय वाहायचंय?"

"तू ये."

दगडूने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि रिकामी हातगाडी काढली.

ढोल, लेझीम, गुलाल. लॉरी मुंगीच्या पावलाने निघाली. गुणाजी बॉनेटवर पंजा टेकवून बाजूने चालत होता. पुलाचा चढ आला. पुढे लेझीमवाले थांबले, लॉरी थांबली, परत हलली. पुन्हा थांबली, पुन्हा हलली. हाताखाली इंजिन संथ चाललं होतं. जिथे त्या दिवशी प्लग काढले होते ती जागा आली आणि मागे गेली. लॉरी माथ्यावर पोचली.

गुणाजीने वळून पाहिलं. दगडू गर्दीत पार खाली अडकला होता. या खेपेला हातगाडी मागेच राहिली होती.

तो तिथेच पुलाच्या कठड्याला टेकून खाली बसला आणि चार वर्षांचं रडू रडला. लोकांना वाटलं, महाराष्ट्र मिळाला म्हणून रडतोय. एकाने त्याच्या कपाळाला गुलाल लावला.