बरणीतला दिवा

आमच्या ह्यांचा रेवदंड्याला फोटोचा स्टुडिओ होता आणि त्यातलं निम्मं काम मी करायची. काचा धुणं, फोटोवरचे डाग ब्रशनं बुजवणं, रडक्या पोरांना हसवणं. पाटीवर नाव मात्र ह्यांचंच. असो. स्वातंत्र्याला दहाबारा वर्षं झाली असतील तेव्हा आमच्याकडे एक भलतीच मागणी आली, आणि ती ह्यांच्याकडे नाही, माझ्याकडे आली.

रोज दारावर मासळी घेऊन येणारी एक कोळीण होती. माझ्याच वयाची, नवरा गेलेला, पदरात एक लहान मुलगा. भावावरून आमची रोज जुंपायची, आणि जुंपली नाही तर दोघींनाही चुकल्यासारखं व्हायचं. त्या दिवशी तिनं टोपली उतरवली, भाव सांगितलाच नाही, आणि पाण्याखालच्या वस्तूचा फोटू निघतो का म्हणून विचारलं. मी म्हटलं, बये, इथे जमिनीवरच्या माणसाचा धड निघत नाही, ऐन वेळी डोळे मिटतात. ती हसली नाही. तेव्हा मी तिला आत बसवलं.

तिचं दुखणं असं होतं. डोल जाळं म्हणजे एक भली मोठी पिशवी. समुद्रात खुंट रोवायचा आणि भरतीओहोटीच्या ओढीत ती पिशवी त्याला बांधायची. ज्याचा खुंट तिथे, त्या घराची ती जागा, अशी त्यांच्या वाड्याची रीत. तिच्या नवऱ्याचा खुंट वादळात मोडला आणि बुडखा पाण्याखाली कलून राहिला. आता तिचा चुलत दीर म्हणत होता की तो बुडखा आजोबांच्या वेळचा, सगळ्या भावकीचा. मी तिथे माझा खुंट रोवतो. ही म्हणत होती की त्यावर माझ्या घरधन्यानं कुऱ्हाडीनं तीन तिरप्या खाचा पाडल्यात, ती आमची खूण. तिचा भाऊ बुडी मारून हातानं चाचपून आला, तर दीर म्हणाला, खाचा यानंच काल पाडल्या. जागा गेली असती तर तिचा मुलगा जन्मभर दुसऱ्याच्या होडीवर राबला असता. एवढं साधं होतं ते.

खाचा जुन्या असतील तर त्यांच्या आत कालवं, म्हणजे खडकाला चिकटतात त्या शिंपा, धरलेली असणार, नव्या असतील तर कोरं लाकूड दिसणार. पण ते न खरवडता बघायला हवं, आणि बघणारा जो तो कुणाचा तरी मेव्हणा नाहीतर व्याही. म्हणून फोटो. कोळीवाड्याच्या पाटलानंही मान डोलावली होती, फोटू काय कुणाच्या नात्यातला न्हाय म्हणून.

ह्यांना सांगितलं तर आधी म्हणाले, वेड लागलंय का तुम्हा दोघींना. दुसऱ्या दिवशी बघते तर अंगणात बसून रॉकेलच्या डब्याचं बूड कापताहेत. तिथे सुताराची लांबी लावून काच बसवली, कडेनं डांबर फासलं. डब्यात कॅमेरा खाली तोंड करून ठेवायचा, डबा होडीच्या कडेला पाण्यात दाबून धरायचा आणि आपण वरून काळ्या कापडात डोकं घालायचं. दुपारच्या उन्हात फोटो निघेल, असा ह्यांचा हिशेब. पण चित्र ठसठशीत आहे की फिसकटलंय ते कॅमेऱ्यामागच्या घासलेल्या काचेवर बघून ठरवावं लागतं, आणि पाण्याखालचं त्या काचेवर काही म्हणजे काही दिसेना. नेम धरण्यापुरता खाली एक दिवा हवा. कोणता, यावरून आमचं आठवडाभर भांडण चाललं.

परसातल्या हौदात मी खाडीतला घमेलंभर चिखल कालवला, म्हणजे पाणी अगदी खरं झालं. त्यात खाचा पाडलेलं लाकूड सोडलं. पहिल्यांदा आणली गॅसबत्ती. ती वरून धरली तर पाण्यावर तिचीच झळाळी आणि आमची दोघांची तोंडं. मग हे कुणाकडून तरी हातभर लांब बॅटरी घेऊन आले. गोळ्यांच्या काचेच्या बरणीत ती घातली, झाकण मेणानं आणि सायकलच्या ट्यूबच्या रबरानं बंद केलं, बरणी तरंगू नये म्हणून जाळ्याचं शिसं बांधलं. कॅमेऱ्याला लागून पेटवली आणि सगळा हौद दुधासारखा पांढरा झाला. पाण्यातला कण न् कण चमकत होता, लाकूड गायब. हे म्हणाले, याहून मोठी बॅटरी पाहिजे. पुरुषांचं हे बरं असतं. दिसेना की दिवा मोठा, पटेना की आवाज मोठा.

मला राग आला आणि त्या रागातच मी घरातली लहान बॅटरी उचलली. मनात काय आलं सांगते. सकाळी दारातून तिरपं ऊन येतं तेव्हा सारवलेल्या जमिनीवर बोटांचा माग न् माग दिसतो. दुपारी तीच जमीन सपाट. मी लहान बॅटरी बरणीत घातली आणि कॅमेऱ्यापासून लांब, बाजूनं, आडवी धरली. पाणी काळं राहिलं, पण तिन्ही खाचा सावली धरून उठून आल्या. मला इतका आनंद झाला की मी बाही खांद्यापर्यंत भिजवून घेतली. ह्यांनी नंतर बरणीला पिवळा कागद गुंडाळला. त्यानं काडीचा फरक पडला नाही, पण ह्यांच्या मते त्यामुळेच जमलं.

राहिला प्रश्न दिवा धरायचा. तो बाजूनं धरायचा म्हणजे कुणीतरी बुडी मारून खुंटाशी थांबायला हवं. पाटील म्हणाला, हिच्या भावाला सांगू. तेव्हा ती म्हणाली, "दिवा भावजींच्या हाती द्या. माज्या मानसानं धरला तर उद्या म्हनतील, वाकडा धरला."

मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, अगं, तो काय सरळ धरणार आहे? ती म्हणाली, वाकडा धरायला बी बघावं तर लागंल.

भांगाचे दिवस धरले, म्हणजे ओहोटीला ओढ कमी आणि पाणी त्यातल्या त्यात नितळ. होडीत पाटील, ती, आम्ही दोघं आणि तिचा दीर. अंगानं दांडगा माणूस, पण सबंध वाटेत माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. त्यालाही दोन मुलगे होते आणि जाळं एकच, हे मला नंतर कळलं.

त्यानं बरणी घेऊन बुडी मारली. वर आला, दम घेतला, पुन्हा गेला. हे कापडाखालून ओरडत होते, डावीकडे, अजून डावीकडे. तिसऱ्या खेपेला तो बराच वेळ खाली राहिला. हे एकदम म्हणाले, आलं आलं, हलवू नका! आणि नेमका तेव्हाच तो वर आला. होडीची कड धरून नुसता धापा टाकत राहिला. मला वाटलं, आता काहीतरी खोट काढणार. ती होडीच्या दुसऱ्या टोकाला बसून त्याच्याकडे बघत होती.

तो पाटलाला म्हणाला, "खाचांची खून तिचीच हाय. आत कालवं बसल्यात."

त्यावर बोलले ते हेच, कापडाखालून. त्यांना यातलं काही ऐकू गेलं नव्हतं आणि हाताशी आलेलं चित्र गेलं म्हणून ते चिडले होते. दीर मुकाट्यानं पुन्हा खाली गेला आणि ह्यांचा फोटो होईपर्यंत दिवा धरून राहिला.

फोटो मीच धुतला. होडी हलल्यामुळे खुंट, खाचा, कालवं सगळं एका राखाडी डागात गेलं होतं. एका कोपऱ्यात तेवढा बरणीचा उजेड आणि ती धरलेली दिराची चार बोटं ठळक आली होती. मला रडूच आलं. एवढा खटाटोप, आणि देऊ काय तिला?

ती आली तेव्हा मी फोटो लपवत होते. तिनं तो मागून घेतला, उजेडात नेऊन पाहिला. मी म्हटलं, खुंट नाही गं आला, पुढच्या भांगाला पुन्हा जाऊ.

"खुंट कशाला, वैनी? तो पान्यात हायच," ती म्हणाली. "हा हात असू दे."

पदरात गुंडाळून तिनं तो नेला. टोपलीतली दोन पापलेटं माझ्या उंबऱ्यावर तशीच राहिली होती, आणि त्यांचा भाव तिनं शेवटपर्यंत सांगितला नाही.