वाघोबापुढचं गाऱ्हाणं

देव आपलं ऐकतो यावर त्या वर्षी माझा अजिबात विश्वास उरला नव्हता. खरं सांगायचं तर चूक माझीच होती, कारण मी त्याला बोलूच देत नव्हते. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकल परीक्षेत हात इतके थरथरले की सगळं तसंच टाकून मी लॅबमधून पळाले, आणि त्यानंतर कॉलेजच्या फाटकाशी गेलं तरी छाती धडधडायची. झोप नाही, जेवणावर वासना नाही. घरी यातलं काहीच माहीत नव्हतं. आई रोज डबा भरून द्यायची, मी सॅक पाठीला लावून निघायचे आणि कॉलेजऐवजी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात जाऊन बसायचे. परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत जवळ येत होती. प्रॅक्टिकल बुडाल्यामुळे फॉर्मसोबत वडिलांच्या सहीचं पत्र हवं होतं. ते नाही मिळालं तर वर्ष गेलं, आणि ते मिळवायचं तर बाबांना सगळं सांगायला हवं होतं.

पहिले काही दिवस मी तिथे नुसती लपायला जात होते. थंडी सरत आली होती. सागाची मोठाली वाळकी पानं पायाखाली कुरकुरायची, सावरीला लाल फुलं आली होती आणि त्यांच्यावरून बुलबुल नि साळुंक्यांची सकाळपासून भांडणं चालायची. बाकावर बसून कंटाळा आला म्हणून मी चालायला लागले. चालून चालून भूक लागायला लागली, आणि एका रात्री चक्क गाढ झोप लागली. इतकं साधं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आजही सावर फुलली की त्या दिवसांतलं कोवळं ऊन आठवतं. पण तेव्हा बरं वाटायचं आणि त्या बरं वाटण्याचीच लाज वाटायची, कारण ते सगळं चोरून होतं. वाटेवर एका झाडाखाली शेंदूर लावलेला वाघोबा होता, तिथल्या पाड्यांवरच्या लोकांचा. त्याच्यासमोर उभी राहून मी रोज माझी यादी वाचायचे. परीक्षा पुढे ढकल, बाबांना चार महिने गावी पाठव, कॉलेजला सुट्टी पडू दे. प्रार्थना कसली, सूचनाच होत्या त्या.

एका बुधवारी तिथे सत्तरीचे एक काका उभे होते. माकडांनी पळवू नये म्हणून नारळ त्यांनी शर्टाच्या आत लपवून आणला होता, त्यामुळे पोट एकाच बाजूला सुटल्यासारखं दिसत होतं. मला बघून त्यांनी हाक मारली, "गो चेडवा, हंय ये. माझो सांगाती डोळ्याच्या ऑपरेशनाक गेलो हा. व्हय म्हाराजा म्हणूक कोणतरी व्हया." मी मालवणी हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. कदाचित ते सगळ्यांशीच तसं बोलत असतील. आमच्याकडे गाऱ्हाणं असतं ते असं. एक जाणतं माणूस सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलतं आणि प्रत्येक मागण्याच्या शेवटी बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. ते म्हटल्याशिवाय मागणं देवापर्यंत पोचत नाही असं समजतात. नारळ ठेवण्याआधी काकांनी जागेच्या राखणदाराची, म्हणजे ती जागा सांभाळणाऱ्या देवाची, परवानगी मागितली.

मी घाईघाईत पहिल्याच वाक्याच्या मध्ये 'व्हय म्हाराजा' म्हणून टाकलं. काकांनी डोळे वटारले. "म्हणणा पुरा होवंदे, मगे म्हण." मग त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पाड्यावरच्या पोराबाळांसाठी मागितलं, बिबट्यासाठीसुद्धा मागितलं, सांगात्याच्या डोळ्यासाठी मागितलं. मी प्रत्येकाला साथ देत होते. आणि मग माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "ह्या चेडवाच्या मनात जा काय अडाकलेला आसात, ता आवशी-बापाशीसमोर मोकळा होवंदे रे म्हाराजा."

माझ्या एवढ्या मोठ्या यादीत ही एक गोष्ट नव्हती. काका हात जोडून तसेच उभे राहिले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही की मला घाई केली नाही, पण नारळही फोडला नाही. शेवटी रडतच मी म्हटलं, "व्हय म्हाराजा." त्यांनी नारळ फोडला, एक तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि "घराक जा" म्हणाले. त्यांचं नावही मी विचारलं नाही.

बाबा अंधेरीच्या एका ऑफिसात लिफ्टमन होते. संध्याकाळी ते घरी आले तेव्हा तो तुकडा मी ताटलीत ठेवला होता. त्यांनी विचारलं, "ही शेरणी कुठली गं?" देवापुढे फोडलेल्या नारळाच्या प्रसादाला आमच्याकडे शेरणी म्हणतात. मी सांगायला लागले ते शेवटपर्यंत थांबले नाही. लॅब, पार्क, डबा, पत्र, सगळं सांगितलं. आई मध्येच काही बोलणार होती, पण बाबांनी हात वर करून तिला थांबवलं. मुंबईत आल्यापासून ते आमच्याशी कधी मालवणीत बोलत नसत. माझं संपल्यावर त्यांनी शेरणीचे तीन तुकडे केले, आमच्या हातावर दिले आणि म्हणाले, "व्हय गो बाय." मग पेन मागितलं.

हा चमत्कार होता का, मी सांगू शकत नाही. गाऱ्हाण्यात आईबापाचं नाव येतंच, असं आजही कुणी म्हणेल, आणि ते खरंही असेल. परीक्षेत हात पुन्हा थरथरले, पण मी पळाले नाही. ते काका मला परत कधीच भेटले नाहीत. त्यांचे आभार मानायचे राहून गेले, याची चुटपुट अजून आहे. बाबा आता निवृत्त झालेत. सावर फुलली की आम्ही दोघं तिथे जातो. नारळ बाबांच्या शर्टात असतो, गाऱ्हाणं बाबाच घालतात, आणि माझ्यासाठी काय मागायचं ते मी त्यांना आधी सांगत नाही. त्यांचं म्हणणं पुरं होईपर्यंत मी थांबते, आणि मग म्हणते.