ह्यात पयलं काय मोडतं?

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत माझ्या मामेसासऱ्यांनी कान लावल्याशिवाय एकही यंत्र विकलं जात नाही, असं मी म्हटलं तर ती अतिशयोक्ती होईल, पण फार मोठी होणार नाही. बायकोचे हे मामा हिर्डोशीचे. भात आणि नाचणी करतात, शाळा चौथीत सोडली, आणि इंजिनाला कान लावून त्याला काय झालंय ते सांगतात. कोणाला भाताचं मळणीयंत्र घ्यायचं असो, गवत कापायचं यंत्र असो की घरचा मिक्सर, माणूस आधी हिर्डोशीची एस.टी. पकडतो आणि मामांना घेऊन भोरला उतरतो. मामा दुकानात शिरले की दुकानदार खुर्ची पुढे करतो आणि आतून घाबरतो. कारण मामा किंमत विचारत नाहीत, गॅरंटी विचारत नाहीत, रंगाकडे तर बघतही नाहीत. यंत्राभोवती एक चक्कर मारतात, एका कोपऱ्याला धरून ते उचलून बघतात, आणि मग त्यांचा तो एकच प्रश्न विचारतात, "ह्यात पयलं काय मोडतं?"

"काहीच मोडत नाही मामा, एकदम दणकट माल आहे," असं ज्यानं उत्तर दिलं त्याच्या दुकानातून मामा तिथल्या तिथे बाहेर पडतात. "ज्याला म्हाईत न्हाई त्याच्याकडनं घिऊ नये, आन् म्हाईत आसून सांगत न्हाई त्याच्याकडनं तर न्हाईच न्हाई." एकदा मार्गासनीच्या एका शेतकऱ्याला त्यांनी गवत कापायचं यंत्र पाठीवर बांधायला लावून भर बाजारात अर्धा तास फिरवलं होतं. दुकानात सगळंच हलकं लागतं, खरं वजन बांधावर कळतं, असं त्यांचं म्हणणं. तो बिचारा घामाघूम होऊन परत आला आणि विळा घेऊन घरी गेला. दुकानदार आजही ती गोष्ट सांगताना कपाळावर हात मारतो.

यंत्रांपुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. पण माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीकडून मुलगा बघायला हेच आले होते. माझे वडील माझी नोकरी, पगार, पेन्शन असं सगळं सांगत होते. मामांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, माझ्याकडे एकदा खालून वर पाहिलं आणि वडिलांना विचारलं, "पोराचं पयलं काय बिगडतं?" वडील गडबडले. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे म्हणाले, "पोट." मामा खूष झाले. "मग काय हरकत न्हाई. पोट दुरुस्त हुतंय." अशा रीतीने माझी निवड झाली. आणि एवढं सगळं करणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरात एकही यंत्र नाही. एक हातातली बॅटरी आणि एक मोबाईल आहे, तेही मामींचे. "घ्यायचं कशाला? मोडतंय की," असं ते म्हणतात.

मामांना एकच मुलगी, वैशाली. ती कॅनडात नर्स आहे, तिचा नवराही आपल्याकडचाच. गेल्या दिवाळीत तिचा फोन आला तो रडवेला होता. जावयाची कंबर धरली होती आणि डॉक्टरांनी त्याला वजन उचलायला साफ मनाई केली होती. तिकडे आता बर्फ सुरू होणार. त्यांचं घर चढावर, घरापासून रस्त्यापर्यंत खडीची वळणाची वाट, आणि वैशालीला सकाळी सहाला गाडी काढून दवाखान्यात पोचायचं. बर्फ काढायला यंत्र मिळतं, पण नवं चांगलं घ्यायचं तर परवडत नाही आणि स्वस्तातलं कोणतं घ्यावं ते कळत नाही. बोलता बोलता तिच्या तोंडून निसटलं, की गेल्या हिवाळ्यात फावडं मारताना ती एकटी घसरून पडली होती आणि मनगट महिनाभर बांधून होतं. हे तिनं घरी सांगितलेलंच नव्हतं. मामी रडायला लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मामा भोरला माझ्या दारात हजर झाले आणि म्हणाले, "पाव्हणं, बर्फ कुठं मिळतो हितं?"

आता घोटाळा आपल्या भाषेचाच आहे. आकाशातून पडतो तोही बर्फ आणि सरबतात घालतो तोही बर्फ. मामांनी आयुष्यात पाहिलेला बर्फ म्हणजे मासेवाल्याकडची लादी. त्यांनी ती लादी घेतली, पोत्यात गुंडाळली आणि एस.टी.त मांडीजवळ ठेवून हिर्डोशीला नेली. सगळ्या गाडीभर पाणी झालं. कंडक्टरनं विचारलं, "मामा, मासं कुठायत?" मामा म्हणाले, "मासं न्हाईत. पोरीचं काम हाय." उरलेली अर्धी लादी त्यांनी घरासमोरच्या उतारावर ठेवली आणि आधी फावडं, मग कुदळ, शेवटी पहार चालवून पाहिली. मग वैशालीला निकाल कळवला, "मशीन घिऊच नगं. त्येचं दातं जात्याल. चांगली पहार घे." त्यावर वैशाली इतकी हसली, की पलीकडे जावई कंबर धरून उठून आला. कितीतरी दिवसांनी हसली पोर, असं मामींनी मला नंतर सांगितलं. "आबा, हा तसला बर्फ नसतो," ती म्हणाली आणि तिनं गेल्या वर्षीचे फोटो पाठवले. मामा ते फोटो बराच वेळ बघत बसले. एवढं पांढरं आपल्या लेकीनं एकटीनं उपसलं, हे त्यांना पचत नव्हतं.

त्यानंतर महिनाभर रोज सकाळी साडेसहाला वैशालीचा फोन येऊ लागला. तिकडे तेव्हा आदली संध्याकाळ असते. मामांच्या घरात रेंज नाही, ती फक्त एस.टी.च्या थांब्यावर मिळते. त्यामुळे कॅनडातल्या त्या वाटेचा प्रश्न पहिल्या गाडीची वाट बघणाऱ्या सगळ्या हिर्डोशीकरांपुढे मांडला जाऊ लागला, आणि खरं सांगतो, तालुक्याच्या कुठल्या बैठकीत इतकी अक्कल मी पाहिलेली नाही. यंत्र पुढून बर्फ खातं आणि वरच्या नळीतून लांब फेकतं, असं वैशालीनं सांगताच मामा म्हणाले, "म्हंजी मळणी मशीन. मंग वारा कुठनं येतो ते सांग, न्हाईतर भुस्सा आपल्याच तोंडावर." नगरपालिकेची गाडी रस्ता साफ करताना सगळा बर्फ घराच्या तोंडाशीच लोटून जाते, हे ऐकल्यावर एक म्हातारे म्हणाले, "रस्त्याकडंची चारी काढली की माती आपल्याच दारात. हितं बी तसंच, तितं बी तसंच." मामांनी बर्फाचीही प्रतवारी लावली. लगेच काढला तर भुस्सा, दुपार झाली तर चिखल, रात्र गेली तर दगड. मशीन असं पाहिजे की जे चिखलाला घाबरत नाही.

मला वाटलं, आपण शिकलेले, आपणही काही मदत करावी. मी इंटरनेटवरून दहा यंत्रांची माहिती काढली, छान तक्ता केला, कोणाला किती चांदण्या मिळाल्या तेही लिहिलं आणि हिर्डोशीला घेऊन गेलो. मामांनी तक्त्यावर बोट ठेवलं. "ह्या चांदण्या कुणी दिल्या?"

"ज्यांनी यंत्र घेतलं त्यांनी."

"घेतल्या दिशी, का मोडल्यावर?"

मी तक्ता घडी करून खिशात ठेवला.

एकेक यंत्र असं बाद होत गेलं. सगळ्यात स्वस्त होतं त्याची पाती जमिनीला घासून चालत. मामा म्हणाले, खडीच्या वाटेवर ते दगड उडवील आणि शेजाऱ्याची काच फोडील. बॅटरीवरचं हलकं आणि गुणी होतं, पण थंडीत मामींचा मोबाईलसुद्धा मान टाकतो, तर तिकडच्या गारठ्यात ही बॅटरी चढाच्या मध्यावर दम सोडणार. पाहिजे होतं ते स्वतःच्या चाकांवर चढ चढणारं, जमिनीपासून बोटभर वर राहणारं पेट्रोलचं यंत्र, आणि नेमकं तेच नवं घेणं परवडत नव्हतं. शेवटी वैशालीच्या दोन गल्ल्या पलीकडे एक म्हातारा सापडला. तो घर सोडून फ्लॅटमध्ये राहायला चालला होता आणि त्याला आपलं जुनं यंत्र विकायचं होतं.

ती मुलाखत मी स्वतः पाहिली. इकडे एस.टी.चा थांबा, तिकडे त्या म्हाताऱ्याचं गॅरेज, आणि व्हिडिओ कॉलवर मध्ये वैशाली दुभाषी. मामांनी आधी म्हाताऱ्याचे हात दाखवायला सांगितले. नखांत काळं तेल होतं. मामांनी मान डोलावली. मग यंत्र सुरू करायला लावलं आणि मोबाईल कानाला लावून डोळे मिटले. थांब्यावर कोणी खोकलंसुद्धा नाही. यंत्र बंद झाल्यावर मामा म्हणाले, "इचार त्यास्नी. ह्यात पयलं काय मोडतं?"

वैशालीनं विचारलं. म्हातारा आत गेला आणि एक छोटा पत्र्याचा डबा घेऊन आला. त्यात खिळ्यांएवढ्या पिना होत्या. पात्यात दगड अडकला की आधी ही पीन मोडते, त्यासाठीच ती घातलेली असते, म्हणजे आतले दाते वाचतात, असं त्यानं सांगितलं आणि डबाच वैशालीच्या हातात दिला. मामांचे डोळे चमकले. "ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरला बी आसतीय," ते आम्हाला म्हणाले, आणि मग फोनमध्ये, "घे. माणूस खरा हाय."

पहिला मोठा बर्फ पडला तेव्हा वैशालीनं यंत्र चालवतानाचा व्हिडिओ पाठवला. चढावरून ती सरळ खाली येत होती, पांढरा झोत वाऱ्याच्या बाजूनं लांब पडत होता, आणि मागे वाट मोकळी होत होती. सहाला पाच मिनिटं कमी असताना तिची गाडी रस्त्याला लागली. तो व्हिडिओ मामांनी थांब्यावरच्या प्रत्येकाला दाखवला, आणि ज्यांनी तो पाहिला होता त्यांना पुन्हा दाखवला.

त्यानंतर दीड महिन्यांनी मी काही कामानं पहिल्या गाडीनं हिर्डोशीला गेलो, तर मामा थांब्यावर बसलेले. हातात मोबाईल होता. मी विचारलं, "फोन यायचाय?"

"न्हाई. आता आयतवारी करती." त्यांनी मोबाईल खिशात ठेवला. "मशीन येक नंबर निघालं, पाव्हणं. तिला इचारायला काय ऱ्हायलंच न्हाई."

लेकीचं भलं झाल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता, आणि त्या आनंदाशेजारीच ती रिकामी सकाळ बसलेली होती. मला फार वाईट वाटलं. मी म्हणालो, "मामा, आमच्या घरची पाण्याची मोटर फार कुरकुरतेय. नवी घ्यावी म्हणतो. येता का भोरला?"

मामा लगेच उठले. टोपी नीट केली. "आवाज कसा येतो? घरघर का शीळ?"

मी म्हणालो, "म्हणजे, येतो थोडा."

"जळका वास येतो का? तापती?"

मी चपलेतला खडा काढू लागलो. मामा माझ्या तोंडाकडे बघत राहिले, मग हळूच हसले आणि पुन्हा खाली बसले. मला बसायला त्यांनी शेजारी जागा केली.

"मोटर चांगली हाय तुमची," ते म्हणाले. "पर येत जावा."