सायकलच्या तारांवर भाजलेली कोंबडी

लग्न होऊन मूल गावी आले त्याला वर्षही झालं नव्हतं. मामंजींचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि माझी एकुलती नणंद लग्नाची होती. त्या हिवाळ्यात तिला नागपूरचं स्थळ आलं. मुलाच्या वडिलांचं तिथे हॉटेल होतं. फाळणीनंतर आलेल्या एका पंजाबी कारागिराने त्यांच्याकडे निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी सुरू केली होती, आणि गिऱ्हाईक तिच्यासाठीच येत असे. त्यांनी निरोप धाडला, की पोरगी पाहायला येऊ तेव्हा तिच्या हातची तशीच कोंबडी खाऊ.

आमच्या घरात कोणी ती चाखली नव्हती. पण सासूबाई म्हणाल्या, कसंही करून जमलंच पाहिजे, असं घर पुन्हा दाराशी यायचं नाही.

नवीन काही विकत आणायची सोय नव्हती. घरचे दोन कोंबडे होते, दही होतं, आलं-लसूण-मिरची होती. मामंजींनी दुकानातून सायकलचं जुनं कॅरिअर आणलं. नणंदेने ते आधी जाळात घालून त्याचा रंग जाळला, मग राखेने घासलं. चाकाच्या तारा घासून त्यांच्या सळ्या केल्या. परसात विटा मांडल्या, मधे धावड्याच्या लाकडाचे कोळसे पेटवले आणि वर कॅरिअर ठेवलं.

नागपूरचे बापलेक ओसरीवर येऊन बसले तेव्हा आम्ही पहिल्या कोंबड्याचे तुकडे निखाऱ्यावर टाकले होते. चरबी गळून भडका उडाला. बघता बघता तुकडे काळे पडले, आणि एक फोडून पाहिला तर आत हाडाशी लालभडक. गावरान कोंबडा तो, असा थोडाच शिजणार होता? सासूबाई तोंडाला पदर लावून बसल्या. ओसरीवरून विचारणा झाली, अजून किती वेळ आहे म्हणून. मामंजींनी पुन्हा चहा मागवला.

नणंद मात्र रडली नाही. तिने दुसऱ्या कोंबड्याचे तुकडे हळद-मीठ लावून झाकणाखाली वाफेवर ठेवले. ते नरम पडेपर्यंत मी निखारे फुंकत राहिले. मग दही-मसाला चोळून, तारांत ओवून, तिने ते फिरवत फिरवत भाजले. मी भडका उठला की पाण्याचा हबका मारत होते. धुराने तिचे डोळे लाल झाले होते, तापल्या तारांनी मनगटं भाजली होती.

ताटं गेली. आम्ही दाराआड उभ्या राहिलो. नुसता चावण्याचा आवाज येत होता. मग मुलाचे वडील म्हणाले, पोरगी पसंत आहे. सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला.

पण ते पुढे बोलत राहिले. त्यांचा कारागीर दिवाळीतच सोडून गेला होता. नवा माणूस परवडत नव्हता. आता सूनच भट्टी सांभाळेल, घरचा पैसा घरातच राहील. मुलगा मान खाली घालून हाड चघळत होता.

नणंद पाण्याचा लोटा घेऊन बाहेर गेली. तिने पाणी दिलं आणि हळूच विचारलं, "काका, कारागीर काऊन सोडून गेला?"

ते मोकळेपणाने हसले. "सकाळपासून रातपर्यंत त्या आगीपुढं कोण बसल, पोरी? दम लागे त्याले. खोकून राह्यला होता."

नणंद तिथेच उभी राहिली. मामंजींनी ताट बाजूला सारलं. ते कमी बोलणारे, भिडस्त. सासूबाई आतून त्यांना खुणावत होत्या, पण त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

"पंजाब्याले झेपलं नाई," ते म्हणाले, "ते माझ्या पोरीले काऊन झेपल? ही सोयरीक नाई जमत, भाऊ."

पाहुणे जेवण अर्धवट सोडून उठले. सासूबाईंनी कितीतरी दिवस मामंजींशी बोलणं टाकलं. हातचं स्थळ घालवलं म्हणून गावातही कुजबुज झाली. नणंद घरातलं सगळं नेहमीसारखं करी, पण बोलायची कमी.

पुढच्या उन्हाळ्यात गडचिरोलीकडच्या एका धानाच्या शेतकऱ्याशी तिचं लग्न झालं. घर साधंच होतं. पाठवणीच्या वेळी सासूबाईंनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. परसातल्या त्या दिवशीचे भाजल्याचे डाग तिच्या मनगटावर अजून होते. सासूबाई त्यावरून बोट फिरवत राहिल्या. मग त्या मामंजींच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.