मुले हाच पाया

आठवणी लिहाव्यात असे माझे वय नाही आणि तेवढी योग्यताही नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी सहीपुरतेसुद्धा शिकले नव्हते. कॉलेजात तीन वर्षे काढली म्हणजे लिहिता येते असेही नाही, हे मला कळते. तेव्हा वाचणाऱ्याने आधीच मला क्षमा करावी. त्या दिवसाची भीती अजून माझ्या अंगातून गेलेली नाही आणि बोलून ती जात नाही हे मी करून पाहिले आहे, म्हणून लिहायला बसलो आहे. एवढेच कारण.

मी रहाटणीचा. पुण्याला ओळखीच्यांच्या खोलीत राहून शिकत होतो. उन्हाळ्याच्या सुटीत गावी आलो तेव्हा नदीपलीकडे, पिंपरीच्या माळावर, एका मोठ्या कारखान्याचे काम सुरू झाले होते. दुपारी सुरुंग उडत. आवाज आमच्या घरापर्यंत येई आणि मडक्यांवरची झाकणे थरथरत. गावातले पुष्कळ जण तिकडे खोदाईला जात होते.

सुटीत नुसते लोळू नका, आपापल्या गावातल्या मुलांना चार गोष्टी शिकवा, असे आमच्या एका प्राध्यापकांनी सांगितले होते. ते माझ्या मनात बसले. मारुतीच्या देवळाचा मंडप मोकळा होता, सावली होती. शाळा बंद असली की आमच्याकडची मुले दिवसभर उन्हात गुरांमागे नाहीतर नदीच्या पात्रात. त्यांच्यासाठी सकाळी वर्ग भरवायचा, फी घ्यायची नाही, पाटी नसली तरी चालेल. हिशोब, गाणी, नकाशा, मातीकाम, आणि ऊन उतरल्यावर लेझीम, असे मी ठरवले.

पण गावाला सांगायचे कसे? शनिवारी देवळात माणसे जमतात, तेव्हा बोलायचे म्हणून मी भाषण पाठ केले. चारचौघांपुढे कधी बोललो नव्हतो. कॉलेजच्या समारंभात पाहुण्यांच्या तोंडून ऐकलेली वाक्ये त्यात घातली होती. उभा राहिलो आणि पाठ केलेले भराभर बाहेर आले.

"मंडळी, मुले हाच पाया आहे. पाया भक्कम घातला तरच मोठी इमारत उभी राहते. म्हणून मी आज तुमच्याकडे तुमची मुले मागायला आलो आहे. सुटीपुरती ती माझ्या स्वाधीन करा. मला एक पैसाही नको."

 मागून एकाने विचारले, "फुकाट?"

"हो, फुकट."

"फुकाट कोन काय करतं राव? पुन्याला जाऊन याडा झाला का काय ह्यो?"

सगळे हसले. हसले म्हणजे पटले, असे मी समजलो.

मुले येऊ लागली. त्यात आठ-नऊ वर्षांची एक मुलगी होती. तिला आई नव्हती. बाप कारखान्याच्या खोदाईवर जायचा आणि घरी बापाची आई असायची. ही मुलगी सगळ्यांच्या आधी येऊन मंडप झाडून ठेवायची. कोणी सांगितलेले नव्हते. पहिल्यांदा नकाशा दाखवला तेव्हा तिने विचारले, "ह्यात आमचं घर कुटं हाय?" मी पुण्याच्या ठिपक्याशेजारी बोट ठेवले. बोट काढल्यावर ती त्या जागेवर वाकून बराच वेळ बघत राहिली. दार शोधत असावी.

एके दिवशी मोजमाप शिकवायचे होते. मी सुतळीचा गुंडा आणला. एकेकाला खांबाशी उभे करायचे, डोक्यापासून टाचेपर्यंत सुतळी धरायची, तोडायची आणि खिळ्याला टांगायची. सुटी संपताना पुन्हा मापू, म्हणजे कोण किती वाढले ते कळेल, असे मी सांगितले. मुलांना फार मौज वाटली. आपली सुतळी दुसऱ्याहून लांब निघावी म्हणून ती टाचा उचलत होती.

त्या मुलीची आजी पाण्याला चालली होती. ती मंडपापाशी थांबली. कडेवरची घागर तिने खाली ठेवली.

"हे काय रं?"

"मापं घेतलीत, आजी. उंचीची."

"जित्या पोरांची?"

"शिंपीपण घेतोच की माप."

"शिंपी कापडासाटी घेतो. तू कशापायी घेतलीस?"

मी वाढ, शरीर, शास्त्र असे काहीबाही सांगू लागलो. तिचे लक्ष माझ्याकडे नव्हते, टांगलेल्या सुतळ्यांकडे होते. मग तिने नातीचे मनगट धरले आणि घागर तिथेच सोडून ती निघून गेली. आमच्याकडे माणूस गेल्यावर तिरडी बांधायला सुतळीने त्याचे माप घेतात. जिवंत माणसाच्या अंगाला सुतळी लावत नाहीत. हे मी लहानपणापासून पाहिलेले होते. पण वर्गात उभा होतो तेव्हा ते माझ्या डोक्यातच आले नाही.

दुसऱ्या दिवशी निम्मा मंडप रिकामा होता. ती मुलगीही आली नव्हती. आलेल्यांपैकी एका लहानग्याने मला विचारले, "मास्तर, माजा लंबर कधी हाय?"

"कसला नंबर?"

"पायात गाडायचा. कारखान्याच्या. आई म्हनती, एवढी उंच चिमनी पोर घातल्याबिगर उभी ऱ्हात न्हाई. तुमीच म्हनला न्हवं देवळात, पोरं हाच पाया."

तो घाबरलेला नव्हता. लेझीम हातात कधी मिळेल असे विचारावे तसे त्याने विचारले.  मी केलेले भाषण मला शब्दन् शब्द आठवले, आणि या वेळी ते मी गावाच्या कानांनी ऐकले. पाया. मुले मागायला आलो आहे. माझ्या स्वाधीन करा. पैसा नको. त्यावर मी प्रत्येक मुलाचे माप घेऊन ठेवले होते.

दिवस मावळताना मी त्या मुलीच्या बापाला भेटायला गेलो. तो नुकताच कामावरून आला होता, केसांत पांढरी धूळ होती. त्याने ऐकले आणि मोठ्याने हसला.

"मी रोज उतरतोय त्या खड्ड्यात, मास्तर. मुरूम न् खडक, दुसरं काय न्हाई तिथं. म्हातारीचं काय मनावर घेता! उद्या पोरीला धाडतो."

म्हातारी चुलीपाशी बसली होती. तिने मागे वळूनही पाहिले नाही.

सकाळी देवळात जाऊन मी आधी सगळ्या सुतळ्या काढल्या आणि त्यांची गुंडाळी करून खिशात घातली. म्हटले, दिसणारच नाहीत म्हणजे लोक विसरतील. मुलांची वाट बघत बसलो. कोणी आले नाही. ऊन मंडपाच्या पायरीवर आले तेव्हा त्या मुलीचा बाप आला. रविवार होता, त्याला कामाची सुटी होती.

"पोरीला भाकरीला धाडा," तो म्हणाला.

"आलीच नाही ती."

"आली न्हाई कशी? मी उठायच्या आदीच देवळाकडं गेली म्हनली म्हातारी."

 त्याच्या चेहऱ्यावर कालचे हसू अजून थोडे उरले होते. ते माझ्यादेखत गेले.

पुढचे सगळे फार भराभर झाले. तो तिच्या नावाने हाका मारत नदीकडे धावला. मीही धावलो. पात्रात पाणी थोडेच होते, पण डोह होते. डोहाच्या काठी पावले दिसत होती, ती कुणाची ते सांगता येत नव्हते. आम्ही परत आलो तोवर देवळापुढे गाव जमले होते. पाटील कट्ट्यावर बसले होते. त्यांनी मला समोर उभे केले.

"मापाच्या सुतळ्या कुठं हायेत?"

माझा हात आपोआप खिशाकडे गेला. मी गुंडाळी बाहेर काढली तेव्हा बायका दोन पावले मागे सरल्या.

"खिशात घेऊन हिंडतोय बगा!"

"तिची कंची त्यातली?"

मला सांगता येईना. सगळ्या सारख्याच दिसत होत्या. मी एक उचलली, ठेवली, दुसरी उचलली. शेवटी सगळ्यांचा गुंता झाला.

"मी कशाला काय करीन तिला?" एवढेच मी म्हणालो.

"मग फुकाट कशाला शिकवत हुतास?" कोणीतरी विचारले. 

पाटील म्हणाले, "आदी पोर हुडका. ह्याला कुठं जाऊ देऊ नका. मग फौजदाराकडं बगू."

गर्दीतून माझी आई पुढे आली. तिने माझ्या कोपराला धरून बाजूला ओढले. "जा तू. असाच नदी उतरून टेसनावर जा, गाडी मिळंल ती धर. मी बगते हितलं."

मला जायचे होते. हे लिहायला लाज वाटते, पण मला फार जायचे होते. पण मुलगी सापडली नाही तर? आणि सापडली तर कशी सापडेल? मी तिथेच थांबलो.

म्हातारी आपल्या उंबऱ्यावर बसून होती. बाप तिच्यापुढे बसून परत परत विचारत होता, "आये, कुठल्या वाटंनं गेली? कायतरी बोल की!" ती बोलत नव्हती आणि रडतही नव्हती. तिच्या त्या कोरड्या डोळ्यांची मला सर्वांत जास्त भीती वाटली. तिला काहीतरी कळले आहे, आणि ते इतके वाईट आहे की तिच्याने सांगवत नाही, असे मला वाटले.

शेते, गंजी, ओढा, सगळे बघून झाल्यावर विहिरी उरल्या. घागर बुडाली की काढायला गावात एक गळ होता, वाकड्या आकड्यांचा लोखंडी झुपका. तो दोराला बांधून पहिल्या विहिरीत सोडला. दोर माझ्या हातात दिला. कोणी दिला आठवत नाही, पण का दिला ते सगळ्यांना माहीत होते. बाप माझ्या शेजारी काठावर बसला. गळ तळाशी टेकला की दोर सैल पडे, मग मी तो हळूहळू फिरवायचा. पहिल्यांदा अडकला तेव्हा माझ्या तोंडातून आवाज निघाला. ओढले तर झाडाची फांदी होती. त्या विहिरीत मग काहीच लागले नाही.

दुसरी विहीर मळ्यातली, खोल. ऊन उतरू लागले होते, आत काळोख होता. गळ पुन्हा अडकला. या वेळी जड होते, आणि मऊ. बापाने माझ्या हातांवर हात ठेवले. आम्ही दोघे ओढू लागलो. माझे डोळे मिटलेले होते. शेजारी तो भरभर काहीतरी पुटपुटत होता, देवाला की मुलीला कळत नव्हते. पाणी गळण्याचा आवाज वर आला. "पोतं हाय," कोणीतरी म्हणाले. मी डोळे उघडले. सडलेले गोणपाट होते, आत गाळ. बाप ते हातांनी फाडू लागला. गाळाशिवाय काही नाही हे दिसत असूनही तो फाडतच राहिला.

तेवढ्यात बांधावरून सायकल हातात धरून एक माणूस येताना दिसला. घामाने सदरा अंगाला चिकटलेला. तो त्या मुलीच्या आत्याचा नवरा होता, चाकणच्या अलीकडच्या एका वाडीत राहणारा. एवढी माणसे विहिरीभोवती बघून तो थबकला.

"काय हो, कुनाची घागर पडली का काय?"

 बाप चिखलाच्या हातांनी उभा राहिला.  मीच म्हणालो, "ह्यांची मुलगी सकाळपासून सापडत नाही."

त्या माणसाने सायकल सोडून दिली. ती बांधावर आडवी पडली.

"अवं पाव्हणं, पोरगी आमच्याकडं हाय! म्हातारीनं धाडली पहाटं, कांद्याच्या रिकाम्या लॉरीतनं. लपीवलेल्या पोराचं ठिकान तोंडानं बोललं तर त्ये नेनाऱ्याला सापडतं, म्हनून कुनालाच सांगायचं न्हाई, बापालाबी न्हाई, असा निरोप हुता. पर माज्या बायकोला ऱ्हावना, म्हनली जाऊन सांगून या. बरी हाय ती. भाकर खाल्ली, न् मी निगालो तवा निजली हुती."