पेढ्यांवरचा पहारा

गोडाच्या बाबतीत बाबांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. जन्म गेला रामकुंडावर उपाध्येपण करण्यात. आता घरी बसले तरी कुणी ना कुणी यजमान पेढे घेऊन टपकायचाच. आणि प्रसादाला नाही म्हणू नये, ही बाबांची सोयीची श्रद्धा!

त्यात मधुमेह, आणि त्यानंच किडन्या गेलेल्या. डायलिसिस घरीच चालायचं. पोटात बसवलेल्या नळीतून पिशवीतलं पाणी आत सोडायचं, काही तासांनी काढून घ्यायचं. पोटाच्या आतल्या पातळ पडद्यातून रक्तातली घाण त्या पाण्यात उतरते. शाळा सांभाळून हे सगळं मीच बघायचे. तरी साखर आपली चढतेच आहे.

"बाबा, खरं सांगा, काय खाल्लंत?"

"काही नाही गं. जानव्याला हात लावून सांगतो."

म्हटलं, शपथा कुणाला ऐकवताय! पेढे कपाटात कुलपात ठेवले. त्यांच्या उशीखाली हात घालून पाहिला. शेजारच्या काकू भेटायला आल्या की त्यांच्या पदराकडे बघायचे. एकदा तर बाबांची बोटं हुंगली. सांगताना लाज वाटते, पण हुंगली.

शेवटी एका सकाळी ते म्हणाले, "हो, खातो मी चोरून. झालं समाधान?"

झालंच! त्याच आठवड्यात तपासणीला गेलो, तर नर्ससमोर मी त्यांची तक्रार मांडली. तिनं आमची नोंदवही चाळली. "सूज दिसली की जास्त ताकदीची पिशवी लावता ना? ती ताकद साखरेचीच, ताई. अंगातलं पाणी ओढायला घातलेली असते. घाण पडद्यातून बाहेर येते, तशी ही साखर रक्तात जाते. सुरुवातीला सांगितलं होतं की. डॉक्टर इन्सुलिन वाढवून देतील."

मी नववीला विज्ञान शिकवते. जास्त असेल तिथून कमी असेल तिकडे, हे दरवर्षी फळ्यावर लिहिते. आणि घरी पेढे मोजत बसले होते! स्वतःचाच असा राग आला की बाबांकडे बघवेना.

रिक्षात बसल्यावर विचारलं, "मग खातो म्हणून खोटं कशाला सांगितलंत?"

"रोज तेच विचारायचीस," बाबा म्हणाले. "म्हटलं, एकदा हो म्हणून टाकावं. मग तरी दुसरं काही बोलशील माझ्याशी."

द्वारका चौक गेला, पंचवटी आली. मी अजून ते 'दुसरं काही' शोधत होते.