तोंडात घोटभर पाणी

तमाम वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, मराठी गद्यासमोरचा एक बिकट प्रश्न अंबाजोगाईच्या एका कॉलेजात, शनिवारी दुपारी, घोटभर पाण्याने सुटला होता. त्याची नोंद कुणीही घेतली नाही. ती मी आज घेतो आहे. टोप्या काढून ठेवाव्यात.

प्रश्न असा होता: ज्यानं लिहिलंय त्याला गप्प कसं बसवायचं?

आमचे मराठीचे सर दर शनिवारी लेखनाचा वर्ग घ्यायचे. आम्ही दहा-बारा जण. आपलं लेखन आपण वाचायचं नाही, ते दुसऱ्यानं वाचायचं. मग एकेकानं आधी सांगायचं की काय दिसलं, आणि नंतर सांगायचं की कुठं अडलं. ‘छान’ म्हणायला बंदी. म्हटलं की फळा पुसायचा. आणि हे सगळं चाललेलं असताना लेखकानं मधल्या स्टुलावर बसून नुसतं ऐकायचं. ‘तुझं पुस्तक कुणी घेतलं, तर तू त्याच्या घरी समजावून सांगायला जाणार आहेस का?’ असं सर विचारायचे.

पण गप्प बस हे आमच्या जिल्ह्यात कुणाला सांगता? आमच्याकडं दोघं चहाला बसले की सहकारी सोसायटी निघते, आणि तिसरा आला की अविश्वासाचा ठराव. पहिल्याच शनिवारी लेखक स्टुलावरून उठला, ‘सर, मला तसं म्हणायचंच नव्हतं’ म्हणाला, आणि त्याला काय म्हणायचं होतं ते अंधार पडेपर्यंत सांगत राहिला. पुढच्या वेळी सरांनी आपली बाटली पुढं केली. ‘घोट घे. गिळायचा नाही. सगळ्यांचं बोलून झाल्यावर गिळ, मग बोल.’

काय मजा आली म्हणून सांगू. गाल फुगलेले, डोळे बाहेर आलेले, आपल्या कवितेचे तुकडे पडताना बघणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? आम्ही दर शनिवारी पाहायचो. साल दुष्काळाचं. हॉस्टेलला टँकर आला तर आला. त्यामुळं ज्यानं त्यानं आपली बाटली आणायची, आणि कितीही हसू आलं तरी पाणी थुंकायचं नाही. ‘टीका आणि पाणी, दोन्ही पोटात गेलं पाहिजे,’ असा सरांचा दंडक.

वाचायला आमच्यात एक मुलगी जबरदस्त होती. उमापूरकडची, घरची मेंढरं. तीन शेतं पलीकडं गेलेल्या मेंढीला हाक मारून कमावलेला आवाज. ती कुणाचंही लेखन असं वाचायची की बाहेरचा शिपाईसुद्धा दारात येऊन उभा राहायचा.

माझी पाळी आली त्याच शनिवारी आबा आले.

आबा म्हणजे माझे थोरले चुलते. वडवणीजवळच्या आमच्या गावातल्या दूध सोसायटीचे चेअरमन. माझं शिक्षण त्यांच्याच जिवावर चाललेलं. त्या वर्षी दूध आटलं आणि सोसायटीचा सेक्रेटरी पुण्याला कंपनीत लागला. आबांनी ठरवलं, पोराचं कॉलेज पुरे, आता यानं सोसायटी बघावी. दोन एसट्या बदलून ते थेट हॉस्टेलवर गेले, माझी वळकटी बांधली, ती खांद्यावर टाकली आणि तसेच वर्गात. पाचची गाडी धरायची होती.

सर म्हणाले, ‘आज याचंच लेखन आहे. तेवढं होऊ द्या. बसा.’

आबा बसले. वळकटी शेजारी बसवली. आणि मी स्टूल हळूच दाराकडं सरकवलं. कारण मी गोष्ट लिहिली होती ती एका दूध सोसायटीच्या चेअरमनची. गावात थेंबभर दूध नाही, तरी हा रोज पहाटे डेअरीचं शटर उघडतो, रिकामे कॅन पुसतो, काट्यापाशी बसून राहतो आणि दिवेलागणीला शटर ओढतो. आबांचा खोकला, खांद्यावरचा टॉवेल, सगळं मी उचललं होतं. कुणाला कळू नये म्हणून एक वेषांतर तेवढं केलं होतं.

मी घोट घेतला. उमापूरच्या त्या मुलीनं वाचायला सुरुवात केली. इतकं सुंदर वाचलं की मलाच वाटलं, कुणी लिहिलंय हे? मग आबांकडं नजर गेली. ते छताकडं बघत होते.

चर्चा सुरू झाली.

‘मला नुसती खुर्ची दिसली,’ एक जण म्हणाला. ‘हा बाबा खुर्चीला चिकटलाय.’

‘येडा हाय बे तो,’ माझा खोलीतला दोस्त म्हणाला. ‘उन्हानं डोकं फिरलंय.’

माझे गाल फुटायला आले. मी हातानं खुणा करत होतो, की अरे थांबा, मागं बघा. दोस्त म्हणाला, ‘सर, हा हातानं बोलतोय. हात बांधा.’

खोलीत जो बसेल त्यानं बोलायचं, हा नियम पाहुण्यालाही होता. सर म्हणाले, ‘आबा, तुम्हाला काय दिसलं?’

‘कॅन दिसले,’ आबा सावकाश म्हणाले. ‘चांगले पुसलेत.’

‘आणि अडलं कुठं?’

‘चेअरमन पँट घालतोय त्यात. चेअरमन धोतर नेसतो.’

सगळा वर्ग मागं वळला. धोतर पाहिलं, टॉवेल पाहिला आणि परत माझ्याकडं वळला. माझं एकुलतं एक वेषांतर संपलं होतं. दोस्तानं तोंडावर वही धरली.

हसू ओसरलं तेव्हा ती मेंढरंवाली म्हणाली, ‘माझं अडलंय ते येगळंच हाय. दूध न्हाई, मानसं न्हाई, मग हा शटर कावून उघडतो? मला वाटतं, लिहिणाऱ्यालाच म्हाईत न्हाई.’

‘गिळ,’ सर मला म्हणाले. ‘उत्तर दे.’

मी गिळलं. इतका वेळ सतराशे गोष्टी सांगायच्या होत्या. तोंड उघडलं आणि एकही आली नाही.

‘माहीत नाही,’ मी म्हणालो.

सर खूश झाले. त्यांच्या वर्गात याहून चांगलं उत्तर नव्हतं. ‘मग शोध. पुढच्या शनिवारी परत लिहून आण.’

पुढचा शनिवार म्हटल्याबरोबर सगळ्यांनी वळकटीकडं पाहिलं. आबांनी ती उचलली आणि खांद्यावर टाकली. संपलं, मी मनात म्हणालो. आबा बाकांमधून पुढं आले, माझ्यापाशी थांबले आणि वळकटी धाडकन माझ्या पायाशी टाकली.

‘काम अर्धं टाकून गडी कसा न्यायचा?’ ते सरांना म्हणाले. ‘हिथंच ऱ्हाऊ द्या त्याला. नीट लिव्हू द्या. त्या चेअरमनला धोतर तेवढं नेसवा.’

‘आणि सोसायटी, आबा?’ मी विचारलं.

‘मापायला दूध कुठाय? मी एकटा बास हाय. पाऊस झाल्यावर बघू.’

मी स्टुलावरून पडायचाच राहिलो. वर्गानं बाकं बडवली, सरांनी बडवू दिली. आबा पाचच्या गाडीच्या घाईनं दारापर्यंत पोचलेसुद्धा. पण ती मुलगी कसली सोडते. कळपातून निसटलेल्याला घालावी तशी हाक तिनं घातली, ‘आबा, जाता जाता सांगा की. कावून उघडतो तो शटर?’

आबांचा एक पाय उंबऱ्याबाहेर होता. वळले, आणि विचार न करता बोलून गेले, ‘आगं, शटर न्हाई वाजलं तर गावाला वाटंल ना, दुष्काळ खरंच पडलाय.’